उसातला हरवलेला उकार

कऱ्हाडहून कृष्णेच्या काठाकाठाने सांगलीकडे निघालात, तर वाटेत दुतर्फा जे पीक दिसते त्याचे नाव अगदी लहान आहे: ऊस. या नावाला प्रत्यय लागला की ते बदलते. ऊस तुटला, पण उसाला पाणी दिले. ऊस उभा आहे, पण उसात तण माजले. ऊस गेला, आता उसाचे बिल कधी निघणार? दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो आणि स-नंतर एक आ येऊन बसतो. शाळेत आपण याला सामान्यरूप म्हणायला शिकलो, तक्ता पाठ केला आणि पुढच्या धड्याकडे वळलो. तो आ कुठून आला, तिथेच का बसला आणि त्याने कोणाची जागा घेतली, हे प्रश्न त्या तक्त्यात नव्हते. त्या प्रश्नांची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

पुढल्या पानांत सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत बोलल्या जाणाऱ्या नामांची रूपे दिली आहेत. त्यांतली बरीच शेतातली आहेत, कारण इथल्या बोलीचा भरणाच शेतातला. लागण, खोडवा, निडवा, बेणे, कांडी, पेर, डोळा, पाचट, वाडं, तुरा, फड, मोळी, चिपाड, काहील, काकवी. प्रत्येक शब्दाजवळ त्याचे प्रथमेचे रूप आहेच. पण वाचकाने नजर ठेवावी ती दुसऱ्या रकान्यावर. खोडव्याला, तुऱ्याचा, फडात, पेरात, डोळ्याजवळ, चिपाडाचं. शब्दाचे मूळ शोधायचे तर कोशातल्या पहिल्या रूपावर थांबू नये, प्रत्ययाच्या आधीचे रूप बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकावे, हे माझे ठाम मत आहे आणि ही सगळी प्रस्तावना त्या मताची बाजू मांडण्यासाठी लिहिली आहे.

आधी दोन साधे शब्द घेऊ. जीभ आणि भिंत. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्हींच्या शेवटी उच्चारात व्यंजन. ऐकून त्यांत काही फरक करता येत नाही. पण प्रत्यय लावा: जिभेला, भिंतीला. एकात ए आला, दुसऱ्यात ई. कुठल्याही अशिक्षित माणसाला विचारा, तो भिंतेला म्हणणार नाही आणि जिभीला म्हणणार नाही. या फरकाचे कारण आजच्या मराठीत कुठेच सापडत नाही. ते मागे आहे: जिह्वा हा शब्द आकारान्त होता आणि भित्ति इकारान्त. शेवटचा स्वर प्रथमेत झिजून गेला, सामान्यरूपात मात्र टिकला. आता ही जोडी किती दूरवर चालते पाहा. खाट-खाटेवर, लाज-लाजेने, भीक-भिकेला, दाढ-दाढेत: खट्वा, लज्जा, भिक्षा, दंष्ट्रा. उलट मूठ-मुठीत, आग-आगीत, कूस-कुशीत, बहीण-बहिणीला: मुष्टि, अग्नि, कुक्षि, भगिनी. संस्कृतचे एक अक्षर न शिकलेली बाई मुठीत आणि खाटेवर असे बिनचूक बोलते, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीचा अंत्य स्वर तिच्या बोलण्यात शाबूत असतो.

समजा संस्कृत आणि प्राकृत ग्रंथ आपल्या हाती नसते. तरीही जिभेला आणि भिंतीला या दोन रूपांवरून कुणी अभ्यासू म्हणाला असता की या शब्दांना पूर्वी वेगवेगळे अंत्य स्वर होते. त्याने ती रूपे मांडली असती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक तारा काढला असता. हा तारा म्हणजे भाषाशास्त्रातली कबुली आहे: हे रूप कुठे लिहिलेले सापडलेले नाही, नियमांवरून पुन्हा उभे केले आहे. ही खूण एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट श्लायशर या जर्मन विद्वानाने रूढ केली. जर्मन, इंग्रजी, डच, स्वीडिश या जर्मानिक भाषांची जी मूळ जननी मानतात, तिच्यातला एकही ग्रंथ नाही. तिचा सगळा शब्दसंग्रह ताऱ्यांखालचा आहे. तरी तिची नामे विभक्तींसकट मांडता येतात. मुलगा या अर्थाचा तिच्यातला शब्द *सुनुझ असा मांडतात आणि त्याची षष्ठी *सुनौझ. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने गॉथिक भाषेत बायबल उतरवले, त्या भाषेत सुनुस आणि सुनौस अशी रूपे मिळतात. आणि आपल्याकडे? संस्कृतात सूनुः, षष्ठी सूनोः. एक भाषा उत्तर युरोपातली, एक भारतातली, पण शब्द एकच, उकार एकच, आणि षष्ठीत त्या उकाराचा विस्तार होण्याची रीतही एकच.

अशा ताऱ्यांवर विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर पुराव्यात आहे. डेन्मार्कमध्ये गालेहूस या ठिकाणी १७३४ मध्ये सोन्याचे एक शिंग सापडले. इसवी सन ४०० च्या आसपासच्या त्या शिंगावर रून लिपीत एक ओळ कोरलेली होती आणि तिच्यातली पुरुषनामे अभ्यासकांनी मांडलेल्या त्याच झ-कारात संपतात. ते शिंग १८०२ मध्ये एका चोराने वितळवले, पण त्याची चित्रे राहिली. दुसरा पुरावा शेजाऱ्याकडचा. फिनिश भाषेचे जर्मानिक भाषांशी रक्ताचे नाते नाही. पण तिने फार पूर्वी राजा या अर्थी त्यांच्याकडून एक शब्द उसना घेतला आणि तो कुनिंगस असा आजवर वापरते. मूळ धन्याकडून झिजून गेलेला शेवट उसनवारी करणाऱ्याने जपला.

आपल्याकडे परिस्थिती याहून पुष्कळ चांगली आहे. जर्मानिक अभ्यासकाला जे ताऱ्याखाली ठेवावे लागते, ते आपल्याला पुष्कळदा दगडावर, ताडपत्रावर, कागदावर मिळते: वैदिक, पाली, महाराष्ट्री प्राकृत, अपभ्रंश, ज्ञानेश्वरीची मराठी आणि आजची बोली. जिना सबंध आहे, एखादीच पायरी तुटलेली. ऊस या शब्दात अशी एक तुटलेली पायरी आहे, म्हणूनच मी तो निवडला.

वेदकाळातला शब्द इक्षु. तो अथर्ववेदात येतो. पाली आणि प्राकृतात मात्र उच्छु. पहिल्या अक्षरातल्या इ-चा उ कसा झाला? वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाश’ या व्याकरणाच्या पहिल्याच परिच्छेदात यासाठी एक स्वतंत्र सूत्र आहे: इक्षु आणि वृश्चिक या दोन शब्दांत इ-च्या जागी उ येतो. सूत्रकार नोंद करून पुढे जातो. कारण देणे हे त्याचे काम नव्हते. आजचा अभ्यासक कारण देतो: पुढच्या अक्षरातल्या उ-ने मागच्या इ-ला आपल्यासारखे केले. इ-उ हा क्रम उ-उ झाला. तेव्हा संस्कृत इक्षु आणि प्राकृत उच्छु यांच्या मध्ये *उक्षु असे एक रूप बोलण्यात असले पाहिजे. ते कुठल्याही ग्रंथात नाही. आपल्या उसाचा तो तारांकित पूर्वज.

क्ष-चे काय झाले, ही गोष्ट अधिक मोठी आहे आणि तिच्यात भूगोल आहे. प्राकृतात क्ष-चे दोन वाटांनी विघटन झाले. एका वाटेने क्ख, दुसऱ्या वाटेने च्छ. हिंदीने पुष्कळ शब्दांत पहिली वाट धरली: खेत, ईख, कोख, मक्खी. मराठीने त्याच शब्दांत दुसरी धरली आणि शिवाय छ-चा स केला: शेत, ऊस, कूस, माशी. क्षेत्र, इक्षु, कुक्षि, मक्षिका. इ आणि ए यांच्या शेजारी मराठी स-चा श होतो, म्हणून शेत आणि माशी, एरवी स. शेतातला ऊस असे आपण म्हणतो तेव्हा एका दमात हा नियम दोनदा उच्चारतो. दोन वाटांची ही फाटाफूट कालपरवाची नाही. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात रस्त्यांकडेला झाडे लावल्याचा उल्लेख आहे. गिरनारच्या खडकावर तिथे वृक्ष शब्दाचे व्रछा असे रूप आहे. उत्तरेकडे कालसीला त्याच जागी लुखानि. पश्चिमेला छ आणि तिकडे ख, हे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच ठरून गेले होते. मराठीत क्ख-वाले शब्दही आहेत: भीक, काख, राखणे. दोन प्रदेशांतली बोली व्यापारात, प्रवासात, पाठांतरात मिसळत राहिली, त्याची ही खूण. पण घरातले आणि शेतातले शब्द पाहिले तर मराठीचा कल कुठे आहे ते लपत नाही.

आता विभक्तीकडे. वररुचीने इक्षु आणि वृश्चिक या दोघांना एका सूत्रात बसवले, हे आपल्या सोयीचे झाले. कारण मराठीत आल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. वृश्चिकाचा प्राकृतात विच्छुअ झाला आणि मराठीत विंचू. त्याचे सामान्यरूप विंचवा: विंचवाला, विंचवाचे. ऊस मात्र उसाला, उसवाला नाही. का? वृश्चिकाच्या शेवटी क आहे. तो क प्राकृतात गळला, पण त्याच्या मागचा स्वर उरला. त्या जादा स्वरामुळे उकार शेवटच्या जागी आला नाही, झिजला नाही, आणि प्रत्यय लागताच उ-चा व होऊन उभा राहिला. लाडूचेही तसेच: लड्डुक, म्हणून लाडवाचे पीठ. इक्षूला असा क चिकटला नव्हता. त्याचा उकार अगदी टोकाला होता आणि टोकाचे ऱ्हस्व स्वर मराठीत टिकत नाहीत. उसाला हे एक रूप आपल्याला इतके सांगते: हा शब्द मराठीपर्यंत बिनकाचा आला.

तो लुप्त क मराठीत किती ठिकाणी दिसतो, हे एकदा लक्षात आले की तक्ता पाठ करावा लागत नाही. रस-रसाला, पण ससा-सशाला. मास म्हणजे महिना, त्याचे मासाला. मासा म्हणजे पाण्यातला, त्याचे माशाला. ससा हा शशक आहे. मासा हा मत्स्य शब्दाला क जोडून झालेला. क गळल्यावर दोन स्वरांच्या मध्ये य आला, म्हणून घोडा-घोड्याला, खोडवा-खोडव्याला, तुरा-तुऱ्याला. स-नंतर तो य आला तेव्हा त्याने स-चा श केला आणि स्वतः विरून गेला: मास्याला, माश्याला, माशाला. पैसा-पैशाला, आरसा-आरशात, घसा-घशात हे सगळे त्याच माळेतले. साताऱ्याला असे म्हणताना जो ऱ्य निघतो, तोही याच घराण्यातला. सातारा हे नाव बोलणाऱ्यांनी घोडा, तुरा यांच्या रांगेत बसवलेले आहे.

उरला तो आ. उसा-, देवा-, हाता-, फडा- यांतला आ कोठला? यासाठी कऱ्हाडच्या एका माणसाकडे जावे लागते. रायगड जिल्ह्यात कुडा येथे बौद्ध लेणी आहेत. तिथल्या इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या एका लेखात दान देणाऱ्याचे नाव आहे महिक, धंदा लोखंडाचा, गाव करहाकड, म्हणजे आपले कऱ्हाड. त्या लेखात गाव, धंदा आणि नाव हे तिन्ही शब्द षष्ठीत आहेत आणि तिन्ही स-कारात संपतात. हा संस्कृत -स्य. प्राकृतात तो -स्स झाला. त्या काळच्या लेखनात जोडाक्षर एकेरीच कोरत, म्हणून दगडावर नुसता स. पुढे अपभ्रंशात स-चा ह झाला, ह विरला, आणि मागे उरला फक्त आ. तोच आपल्या सामान्यरूपातला आ. षष्ठीचा अर्थ त्याने सोडला. आता त्याच्यावर ला, चा, त, ने, वर, कडे असे काहीही बसते. कऱ्हाडच्या लोखंडवाल्याने आपल्या नावाला लावलेला प्रत्यय त्याच कऱ्हाडच्या रानात आज उसाला पाणी देताना बोलला जातो. या एका दुव्यासाठी मी हा विषय कितीही वेळा, कुणालाही सांगायला तयार असतो.

पण इथे एक अडचण आहे आणि ती सोडवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. -स्य हा प्रत्यय अकारान्त नामांचा: देवस्य, हस्तस्य. इक्षु उकारान्त. संस्कृतात त्याची षष्ठी इक्षोः, सूनोः सारखी. प्राकृतात उकारान्तांनीही -स्स घेतला आणि उच्छुस्स असे रूप झाले खरे. पण त्यातला उकार सरळ झिजत आला असता तर आज उसाला नव्हे, *उसूला यासारखे काहीतरी कानावर पडले असते. मग हा आ इथे शिरला कसा? उत्तर प्रथमेत आहे. देवः चे प्राकृतात देवो झाले आणि अपभ्रंशात देवु. ज्ञानेश्वरीच्या जुन्या पोथीत अकारान्त पुल्लिंगी नामे अशीच उकार घेऊन येतात, वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये त्या पोथीच्या आधारे ज्ञानेश्वरीच्या मराठीचे व्याकरण लिहिले, त्यात ही रूपे नीट मांडलेली आहेत. देवु-मधला उकार ओ झिजून आलेला, उच्छु-मधला उकार जन्मजात. बोलणाऱ्याच्या कानाला हा भेद कळण्याचे काही कारण नव्हते. देवु-देवा, हातु-हाता, तसेच ऊसु-उसा. एका वळणावर दोन वेगळ्या कुळांतली नामे प्रथमेत सारखी दिसली आणि लहान कुळ मोठ्यात मिसळून गेले. पुढे प्रथमेतला तो उकारही गेला, देव, हात, ऊस उरले, आणि आपला शब्द एके काळी उकारान्त होता याची सगळी निशाणी पुसली गेली. उरली ती पहिल्या अक्षरात. इक्षूचा इ ज्याने उ केला, तो शेवटचा उकार आता नाही, पण त्याने केलेले काम ऊसच्या ऊ-मध्ये आहे.

आता *सुनुझकडे परत पाहा. त्या कुळातली नामेही कमी होती आणि त्यांचेही असेच झाले. जुन्या इंग्रजीत मुलगा म्हणजे सुनु, षष्ठी सुना. आजच्या इंग्रजीत त्याची षष्ठी लांडगा किंवा दगड या अर्थाच्या शब्दांप्रमाणे शेवटी एस लावून होते. हा एस त्या भाषांतल्या अकारान्तांच्या षष्ठीचा अवशेष आहे, आणि तो आपल्या -स्य चा जवळचा नातलग आहे. म्हणजे टेम्स नदीकाठच्या लोकांनी आणि कृष्णाकाठच्या लोकांनी, एकमेकांची गंधवार्ता नसताना, आपापल्या उकारान्त नामांना एकाच मूळ घराण्यातला प्रत्यय लावून मोकळे केले.

या कामाची परंपरा मराठीत जुनी आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मध्ये मुंबईत विल्सन व्याख्याने दिली, त्यांत संस्कृतपासून देशी भाषांपर्यंतचा प्रवास सलग मांडला. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो मराठीत आणला. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ १९४६ चा, आणि राल्फ टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश १९६६ चा. त्यात चौदा हजारांवर नोंदी आहेत आणि त्यांत तारांकित रूपे ठिकठिकाणी आहेत. सातारा जिल्ह्याला आणखी एक अभिमान बाळगता येईल. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभ्या केलेल्या मराठी विश्वकोशातल्या भाषाविषयक नोंदींपैकी पुष्कळ ना. गो. कालेलकर यांच्या आहेत. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या या माणसाने भाषेचा इतिहास आणि भूगोल किती सोप्या मराठीत सांगता येतो हे दाखवून दिले. ज्याला या विषयाची पहिली ओळख हवी, त्याने तिथून सुरुवात करावी.

इतके असूनही गावोगाव चालते ती ध्वनिसाम्याची व्युत्पत्ती. नाव घ्यायचे, त्याचे दोन तुकडे करायचे, तुकड्यांना अर्थ लावायचे. सातारा म्हणजे सात आणि तारा, झाले. अशा व्युत्पत्तीला कधीच विचारले जात नाही की बाबा, तुझ्या म्हणण्याने सामान्यरूपाचा उलगडा होतो का? मिरज घ्या. शिलाहारांच्या काळातल्या लेखांत हे नाव मिरिंज असे येते. आज आपण मिरजेला म्हणतो, जिभेला, वाटेला यांच्या चालीवर. फलटणेला किंवा कऱ्हाडेला म्हणत नाही, फलटणला, कऱ्हाडला. मिरजेने आपल्या शेवटी कधीतरी असा स्वर बाळगला होता की बोलणाऱ्यांनी तिला स्त्रीलिंगी आकारान्तांच्या रांगेत घेतले. मिरजेची व्युत्पत्ती सांगणाऱ्याने निदान त्या ए-चा हिशेब द्यावा. पुष्कळ ग्रामनामांना ला नुसताच लागतो आणि इतर प्रत्यय सामान्यरूप मागतात, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे: कोल्हापूरला गेलो, कोल्हापुरात राहिलो. इकडच्या बोलीने ही सवलत घर आणि गाव यांनाही दिली: घरला चल, गावला गेला. शेजारीच घरी, गावी, दारी ही जुन्या सप्तमीची रूपे नांदत आहेत, आणि एकच माणूस दोन्ही वापरतो.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. खेड्यातले रूप म्हणून ते अशुद्ध, हे जितके चूक, तितकेच खेड्यातले म्हणून ते प्राचीन, हेही चूक. शाळंत हे रूप शाळेत-पेक्षा नवे आहे. जुन्या शाळेंत-मधला अनुनासिक ए-ला खाली ओढून गेला. तिथून मिरजंला, पैसं दे, असा तो पसरला. याउलट कुशीत, म्हशीला, माशाला ही रूपे शहरात आणि खेड्यात सारखीच आहेत आणि कमालीची जुनी आहेत. प्रत्येक रूपाची स्वतंत्र चौकशी व्हावी लागते. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात वाणाची वंशावळ लिहून ठेवतात. ८६०३२ हा वाण को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून आला, हे कागदावर आहे. शब्दाच्या बाबतीत तो कागद आपल्यालाच तयार करावा लागतो, एकेक रूप उलटून पाहत.

शिवाय शेजार आहे. सांगलीलगतच्या कुपवाडात, ते अजून खेडे होते तेव्हा, जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. आज जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत कुपवाडचे नाव त्यामुळे घेतले जाते. तिथे कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या एकाच गल्लीत बोलल्या जात होत्या. शब्द ज्याचे त्याचे राहिले, वाक्याची घडण मात्र एकमेकांसारखी होत गेली. कन्नडमध्ये माणूस पुरुष, माणूस स्त्री आणि बाकी सगळे नपुंसक अशी लिंगव्यवस्था आहे. कुपवाडच्या मराठीने ती उचलली आणि तिथे नदी आली-ऐवजी नदी आलं असे बोलले गेले. व्युत्पत्ती शोधणाऱ्याने हे विसरू नये. लिंग हा मूळ रूपाचा पुरावा असतो, पण शेजाऱ्याच्या संगतीत तो पुरावा एका-दोन पिढ्यांत बदलतो. म्हणून या संग्रहात प्रत्येक रूपापुढे ते कुठे ऐकले ते गाव दिले आहे आणि बोलणाऱ्याच्या घरात दुसरी कोणती भाषा आहे तेही.

जत तालुक्यात गेलात तर त्याच पिकाला कन्नड बोलणारा कब्बु म्हणेल. त्याचीही वंशावळ आहे: जुन्या कन्नडात कर्बु, तमिळमध्ये करुंबु, आणि या सगळ्यांच्या मागे द्रविड अभ्यासकांनी मांडलेले *करुम्पु. बरो आणि एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश १९६१ मध्ये आला, त्यात ही भावंडे एकत्र आहेत. एकाच बांधावर दोन तारांकित शब्द उभे आहेत, *उक्षु आणि *करुम्पु, आणि दोन्हीही आपापला उकार सांभाळत निघालेले. कन्नडने तो टिकवला. मराठीने सोडला.

शेवटच्या प्रकरणात नव्या शब्दांची रूपे आहेत आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटतात, कारण जुन्या प्रत्ययाची ताकद तिथे कळते. ट्रॅक्टर, ट्रॉली, बिल, टन, काटा, स्लिप: कारखान्याच्या दारात उभे राहिले की हे शब्द कानावर येतात. ट्रॅक्टरला डिझेल भरले, असे म्हणतात. ट्रॅक्टराला म्हणणारा क्वचितच भेटतो. हा शब्द अजून उंबऱ्यावर आहे. ट्रॉलीला, ट्रॉल्या: हा नळी-नळ्या यांच्यासारखा चालू लागला. बिल मात्र आत आले: बिलाचं काय झालं? आणि टन तर केव्हाच घरचा झाला. टनाला किती दिले, असेच सगळे विचारतात. टनला असे या पट्ट्यात कुणी म्हणताना ऐकू येत नाही. त्या टनाला-मधला आ तोच आहे, कुडाच्या लेण्यात महिकाच्या नावापुढे कोरलेल्या स-चा. नवे शब्द कोणत्या क्रमाने आत येतात, आधी चा घेतात की ला, पुल्लिंग धरतात की नपुंसक, आणि कऱ्हाड तालुक्यात जे घडते तेच जतला घडते का, याची नोंद तिथे गाववार केली आहे. वाचकांना आपल्या गावात याहून वेगळे रूप ऐकू आले तर पानाच्या कडेला ते लिहून ठेवावे. पुढल्या आवृत्तीत त्याला त्या गावाच्या नावासह जागा मिळेल.